गोल पाठीचं मेंडोलिन

बाबा, तुमसरचा तो कारागीर आज आठवला. एकटाच काम करायचा, दुकानाला पाटीही नव्हती. खाणीवरच्या कुण्या साहेबाचं इटालियन मेंडोलिन एकदा त्याच्याकडे दुरुस्तीला आलं होतं. तेव्हा घेतलेल्या मापावरून, संत्र्याच्या फोडींसारख्या सागाच्या पट्ट्या जोडून तो तशीच गोल पाठ करायचा. सिहोऱ्याच्या शाळेत नोकरी लागली आणि मी त्याला माझ्यासाठी एक बनवायला सांगितलं. धान निसवलं, कापून झालं, तेव्हा कुठे ते तयार झालं.

आणायला तुम्हाला मीच बोलावलं. नाटक कंपनीत हिवाळाभर मेंडोलिन वाजवणारा माणूस सोबत असलेला बरा, असं वाटलं. कारागीर ते माझ्याकडे देतो, म्हणतो, "तुमच्या बोटायच्या मापानं मान बारीक केली, बाई. वाजवून पाहा." मी हात पुढे करते तोवर तुम्ही ते उचललेलं असतं. तुम्ही वाजवलंत तशी रस्त्यावरची माणसं दारात थांबली. त्यांच्यादेखत तुम्ही मला म्हणालात, "तुले कायले पाहिजे हे? तुह्या हातात रडन ते." माणसं हसली. कारागीर खाली बघून हात पुसत राहिला.

मग दर हिवाळ्यात ते तुमच्यासोबत गावोगाव फिरलं. मला फक्त पुसायला मिळायचं. पुढे तुमचं डावं अंग गेलं आणि एका सकाळी तुम्हीच म्हणालात, "आण ते. वाजव." मी खाटेशी बसून वाजवलं. तुम्ही डोळे मिटून ऐकत होता. मला वाटलं, आवडलं. "बंद कर," तुम्ही म्हणालात. "माहा हात गेला, कान नाही गेले." आई पेज घेऊन दारात आली होती, ती तशीच मागे फिरली.

तुमच्या तेरवीच्या आधी कंपनीची माणसं आली. "त्यायचं मेंडोलिन द्या. नवीन वाजवणाऱ्याले होईल."

"ते माझं आहे," मी म्हटलं.

"पण ते तर सांगत, मीच बनवून घेतलं म्हणून."

मी आतून ते आणलं आणि त्यांच्यासमोर वाजवलं, अगदी शेवटपर्यंत. वाईटच वाजलं. ते एकमेकांकडे बघत, मेंडोलिन न घेताच उठून गेले.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहिते. त्या दिवशी मी वाजवत असताना आत आई रडत होती, आणि तुम्ही गेल्याचं मला बरं वाटत होतं. अजून वाटतं.