दहा कापून तेवीस

अण्णा, तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली आणि आज पहिल्यांदा तुमच्याशी भांडायला बसलेय. तुम्ही होतात तेव्हा तुमच्यासमोर आवाज चढवायची हिंमत नव्हती, आणि खरं सांगायचं तर तशी वेळही कधी आली नाही, कारण तुमचं काही चुकत असेल असं मला वाटतच नव्हतं. बोळिंजच्या घरात खिडकीपाशी बसलेय. आई आत मेथी निवडतेय. ऑफिसचा लॅपटॉप बंद करून बाजूला सारलाय आणि वहीत लिहितेय, पेनाने, कारण मोजणीच्या वहीत खोडरबर चालत नाही हे तुमचंच शिकवणं. "ज्याच्या खिशात खोडरबर, त्याच्या आकड्यावर भरवसा ठेवू नये," असं म्हणायचात. काय पण माणूस होतात हो!

मी आता जे काम करते ते तुम्ही बघितलं नाहीत. तुम्ही गेलात तेव्हा मी दुसऱ्यांचे नकाशे कॉम्प्युटरवर उतरवून काढत होते. आता मी यंत्र घेऊन जाते. तीन पायांच्या स्टँडवर ते ठेवलं की स्वतःभोवती गोल फिरतं आणि भिंती, कॉलम, बीम, पाइप, पंख्याचा हूकसुद्धा लाखो ठिपक्यांत टिपून घेतं. मग ऑफिसात बसून आम्ही त्या ठिपक्यांवरून कॉम्प्युटरमध्ये अख्खी इमारत उभी करतो, जशी आहे तशी. जुन्या इमारतीत काही नवं करायचं तर आधी ती खरोखर कशी आहे ते कळायला हवं ना. कागदावर कशी आहे ते कुणीही सांगेल. हे मी नव्या पोरांना शिकवते तेव्हा तुमचंच वाक्य वापरते. "जे दिसतं ते लिही. जे असायला पाहिजे ते लिहायला बिल्डर बसलेत." पोरं हसतात आणि मग नीट काम करतात.

गेल्या महिन्यात आपल्या त्या बाळंतपणाच्या दवाखान्याचं काम आलं. नाव लिहीत नाही, तुम्हाला बरोबर कळलंय. तळमजला आणि वर दोन. ट्रस्टला आता वर आणखी दोन मजले चढवायचेत, म्हणून आहे त्या इमारतीचं मॉडेल हवं. सकाळी यंत्र लावलं तर एक आया बादली घेऊन समोर उभी. "ही मशीन फोटो काढते का गो ताई? मग मी थांबू, का जाऊ? पानी सांडंल माझं." म्हटलं, जा मावशी, चालती माणसं यात येत नाहीत, पुसून टाकतो आम्ही. "मरू दे, मग उभी तरी कशाला ऱ्हाऊ," म्हणून ती गेली. वॉर्डात नुकती बाळंत झालेली एक मुलगी भिंतीकडे तोंड करून झोपलेली. तिच्या खाटेमागेच मागच्या रांगेतला तिसरा कॉलम. त्या रांगेत एकूण सहा आहेत. हे मला मोजावं लागलं नाही, कारण अकरा वर्षांची असताना मी तिथे तुमच्याबरोबर आले होते.

ट्रस्टच्या कपाटातून जुना नकाशा निघाला आणि काय सांगू अण्णा, माझा ऊर भरून आला. तुमचं अक्षर! पोटात रेघ मारलेला तुमचा सात, खाली कोपऱ्यात तुमची ती वळसेदार सही, आणि वर शिक्का, 'जसे बांधले तसे'. इमारत पूर्ण झाल्यावर प्रत्यक्ष मोजून काढलेला नकाशा. मी तो ऑफिसभर मिरवला. माझ्या हाताखालच्या पोरीला म्हटलं, बघ, माझ्या अण्णांचा हात, याला म्हणतात ड्राफ्ट्समन. दुसऱ्या दिवशी तिने आमचं मॉडेल तुमच्या नकाशावर ठेवून ताडून बघितलं. जिथे जमत नाही तिथे लाल दिसतं. भिंती इकडे तिकडे थोड्या हलल्या होत्या, तेवढं चालायचंच. पण मागची अख्खी रांग लाल. ती बिचारी दबकत म्हणाली, "मॅम, नकाशात तीस सेंटिमीटरचे कॉलम आहेत. आपल्याकडे प्लास्टर धरून तेवीस येतायत. म्हणजे आत वीसच." मी म्हटलं, तुझं काहीतरी चुकलंय. एवढं बोलले मात्र. आणि असं बोलणं मी स्वतः कुठे ऐकलंय ते मला आठवलं.

मे महिना आहे. मी सहावीत जाणार आहे. तुम्ही विरारच्या त्या कंत्राटदाराच्या ऑफिसात नुकते लागलायत आणि शाळेला सुट्टी म्हणून मला बरोबर आणलंय. इमारतीला नव्या चुन्याचा वास येतोय. तुमच्या टेपच्या टोकाचा हूक ढिला झालाय, म्हणून शून्यापासून कधीच मोजायचं नाही. दहाच्या रेघेवर धरायचं, आणि येईल त्या आकड्यातून दहा कापायचे. तुम्ही मला ते सकाळीच दाराच्या चौकटीवर चार वेळा करून दाखवलंत. दुपारपर्यंत मला ते इतकं जमायला लागलं की मी दहा कापूनच आकडा ओरडायचे. मागच्या रांगेत पहिल्या कॉलमला टेप लावली. डाव्या अंगठ्याखाली दहा, उजवीकडे तेहतीस. "तेवीस, अण्णा!" तुम्ही वही घेऊन उभे होतात आणि शेजारी कंत्राटदाराचे साहेब. तुम्ही म्हणालात, परत लाव. परत लावली. तेवीस. मग तुम्ही स्वतः आलात, माझ्या हातातून टेप घेतलीत, कॉलमला लावलीत, वाकून बघितलंत. मला तुमच्या मानेवरचा घाम आठवतो. सरळ उभे राहिलात आणि म्हणालात, "तेहतीस आहे. शून्यावर धरून वर दहा कापतेस. लक्ष कुठाय तुझं?" आणि डोक्यात टपली मारलीत. साहेब हसले. "राहू द्या हो, पोरगी आहे. प्लास्टर गेलं की तीस. बरोबर आहे." तुम्ही वहीत तेहतीस लिहिलंत. मला बाहेरच्या बाकावर जाऊन बसायला सांगितलंत, आणि उरलेले पाच कॉलम एकट्याने मोजलेत. मोजलेत की नाही, देव जाणे.

त्या बाकावर मी रडले नाही, पण मला स्वतःची इतकी लाज वाटली होती, अण्णा. एवढ्या साध्या गोष्टीत मी चुकले आणि साहेबांसमोर तुम्हाला मान खाली घालायला लावली, हे तेव्हा डोक्यात बसलं ते बसलंच. आठवड्याभराने तुम्ही माझ्यासाठी नवीकोरी टेप आणलीत, पिवळ्या डबीतली, घट्ट हूकवाली. "आता शून्यापासून मोज. आता चुकणार नाहीस." मी ती उशाखाली घेऊन झोपायचे. कॉलेजात तीच, पहिल्या नोकरीत तीच, आजही पर्समध्ये आहे. यंत्र आलं तरी एकदा हाताने लावून बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. सगळे म्हणतात, मॅडम फार काटेकोर आहेत. काटेकोर कसली, घाबरट आहे मी. प्रत्येक आकडा तीन तीनदा बघते, कारण अकराव्या वर्षी मला सांगण्यात आलं की माझ्या डोळ्यांवर भरवसा ठेवण्यासारखं काही नाही. आणि ते कुणी सांगितलं? ज्याने स्वतः वाकून तेवीस बघितले त्याने! आयुष्यभर नाकाने कांदे सोललेत आणि आपली चोरी लपवायला पोटच्या पोरीला पुढे केलंत? चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

तरीही मी शेवटपर्यंत तुमची बाजू घेतली, हे ऐका. म्हटलं, यंत्र चुकलं असेल. दुसऱ्यांदा स्कॅन केलं. तेवीस. पिवळी टेप लावली. तेवीस. ट्रस्टच्या माणसाला सांगितलं तर तो म्हणतो, "अहो मॅडम, नकाशावर सही आहे, शिक्का आहे. मॉडेलमध्ये तीस करून टाका ना. वरचे दोन मजले तीसच्या हिशोबावरच मंजूर होतील. चार-पाच बोटांसाठी कशाला घोळ घालताय?" तुमची सही माझ्या नाकासमोर नाचवत होता तो. मी म्हटलं, प्लास्टर फोडा. गवंड्याने तिसऱ्या कॉलमचं प्लास्टर छिन्नीने उडवलं. आत काँक्रीट, वीस सेंटिमीटर, एक रेघ जास्त नाही की कमी नाही. ती बाळंतीण तोवर घरी गेली होती, तिच्या खाटेवर दुसरी आली होती. दोन मजले वर चढले असते तर हे वीस सेंटिमीटर ती सगळी वजनं घेऊन उभे राहिले असते, अशी शपथ मी तरी घेतली नसती. तुम्ही घेतलीत. सहीसकट.

मनात एक पळवाट शिल्लक होती. वाटत होतं, तुम्हाला पुरतं कळलं नसेल. नवी नोकरी, साहेब शेजारी, उन्हात डोळ्यांपुढे अंधारी आली असेल. म्हणून गेल्या आठवड्यात एका दुपारी भाजी फोडणीला टाकता टाकता आईला सहज विचारल्यासारखं विचारलं, त्या दवाखान्याच्या कामाचं तुला काही आठवतं का गं? आई म्हणाली, "आठवतं तर! त्याच कामावर त्यांची नोकरी पक्की झाली. पण त्या दवाखान्याचं नाव काढलं की ताटावरून उठायचे. का ते कधी बोलले नाहीत. तुझ्या बाळंतपणाला नाही का, तुला कळा सुरू झाल्या, तो दवाखाना दहा मिनिटांवर, मी म्हटलं तिथेच नेऊ. केवढे ओरडले माझ्यावर! तुला रिक्षात घालून थेट वसईला नेलं. तू वाटेतच बाळंत होतेस की काय, अशी माझी गाळण उडालेली." आणि ती हसत हसत कढईत पाणी शिंपडायला लागली.

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. चांगलं लख्ख माहीत होतं. आपली लेक त्या छताखाली नको, पण नालासोपाऱ्यापासून विरारपर्यंतच्या लोकांच्या लेकी तिथे पंचवीस-तीस वर्षं बाळंत होत राहिल्या तर चालेल. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं! त्या रिक्षातलं मला सगळं आठवतं, अण्णा. तुम्ही माझा हात घट्ट धरला होतात आणि प्रत्येक खड्ड्याला ड्रायव्हरला शिव्या घालत होतात. माझ्यावर किती जीव आहे यांचा, असं मला वाटलं होतं. होताही. तेच तर जास्त खुपतंय. टपली विसरले असते, तेवढं काही नाही. पण माझ्या आयुष्यातल्या तुमच्या मायेच्या सगळ्यात मोठ्या दिवसालाही तुम्ही आतून पोखरून ठेवलंत, आता तो मी कुठे ठेवू? एकदा तरी म्हणायचंत. मी मोठी झाले, याच धंद्यात आले, दोघं एका टेबलावर नकाशे बघत बसायचो. "बाय, त्या दिवशी तुझे तेवीसच बरोबर होते." एवढं एक वाक्य. मी कुणाला सांगणार होते?

चार दिवसांपूर्वी रिपोर्ट दिला. मॉडेलमध्ये सहाही कॉलम वीसचेच आहेत, प्लास्टर धरून तेवीस, फोडलेल्या जागेच्या फोटोंसकट. ट्रस्टच्या माणसाने फोनवर बरीच आदळआपट केली, पण त्यांच्याच इंजिनियरने फोटो बघून हात वर केले. वरचे मजले रद्द झाले. आता मागच्या रांगेला आधी आधार देणार आहेत आणि तोवर तिथल्या खाटा पुढच्या खोलीत हलवल्यात. त्या आयेने जाताना विचारलं, "काय मिळालं गो तुला आमच्या भिंतीत?" म्हटलं, काही नाही मावशी, जुनी मोजणी चुकली होती.

आणि आता तुम्हाला सांगायचं राहिलं ते. रिपोर्टात एक रकाना असतो. जुना नकाशा आणि आजची मोजणी जुळत नसेल तर त्याचं कारण लिहायचं. 'कारण माहीत नाही' लिहिलं असतं तरी चाललं असतं. पण ते वाचून कुणीतरी सहीकडे बघितलं असतं, आडनाव बघितलं असतं, विचारलं असतं. मी लिहिलं, 'मूळ मोजणीच्या वेळी टेप धरणाऱ्या मदतनिसाकडून दहा सेंटिमीटरची चूक झाली असावी.' सगळ्यांना पटलं. या धंद्यात ही चूक कोण करत नाही! खाली माझी सही आहे. ते वाक्य लिहायला मला एक मिनिटसुद्धा लागलं नाही, अण्णा.