दुसऱ्या बाजूच्या शेवटची शांतता

१ जानेवारी, बुधवार
नववर्षाचे संकल्प. पहिला: या वर्षी एकही नवी रेकॉर्ड विकत घ्यायची नाही, २१४० पुरेशा आहेत. दुसरा: या वहीत एकही अशुद्ध वाक्य लिहायचे नाही. लेउवार्डन गावाच्या तीन पिढ्यांना शाळेत व्याकरण शिकवलेल्या माणसाला दुसरा संकल्प अवघड नाही. पहिलाही नाही.

४ जानेवारी, शनिवार
बाजारात काँगोच्या गिटारवादनाची एक रेकॉर्ड घेतली. ती नवी नाही, १९७४ सालची आहे. त्यामुळे संकल्प अबाधित आहे.
सायंकाळी ऐकली. दर्जा: निर्दोष. पृष्ठभागावर बऱ्याच रेघा दिसतात हे खरे, परंतु दर्जा कानाने ठरवायचा असतो, डोळ्याने नव्हे. रेकॉर्डप्रेमी मंडळाच्या वसंत-विक्रीत येणाऱ्या प्रत्येक रेकॉर्डवर गेली एकोणीस वर्षे माझी चिठ्ठी असते: निर्दोष, उत्तम, बरी किंवा टाकाऊ. 'टर्पस्ट्रांची चिठ्ठी आहे ना?' एवढे विचारून लोक पाकीट काढतात. मोठी जबाबदारी आहे.

९ जानेवारी, गुरुवार
जॅझच्या रेकॉर्डमधील झांजा कापसात गुंडाळल्यासारख्या वाजतात. निदान: सुई झिजली. नवी मागवली.
निंकेला विचारले. पत्नी या नात्याने तिचे मत नोंदवतो. ती म्हणाली, "झांजा? अरे, मला तर कोठीघरापर्यंत ऐकू येतायत. आवाज जरा कमी कर, शेजारीण परवा विचारत होती, तुमच्याकडे भांडणं चालू असतात का म्हणून." तांत्रिक दोष टिपण्याचा कान सर्वांना नसतो.

१७ जानेवारी, शुक्रवार
नवी सुई बसवली. झांजा कापसातच. निदान: तारा जुन्या झाल्या. नव्या मागवल्या.
बेकरीतील मुलगी शब्दांची शेवटची अक्षरे गिळते. टीव्हीवर बातम्या देणारा गृहस्थही गिळतो. या दुसऱ्या इसमाविरुद्ध वाहिनीला दोन पानी पत्र लिहिले. पत्रात सतरा उपवाक्ये असलेले एक वाक्य आहे व ते कोठेही तोल सोडत नाही.
भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक बंद पडली आहे, मात्र ते वेळ अचूक दाखवते. विचित्र बिघाड. दुरुस्तीला नेले पाहिजे.

२६ जानेवारी, रविवार
सायंकाळी ऑर्गनची रेकॉर्ड. दुसऱ्या बाजूच्या शेवटी जी शांतता आहे, ती अनुभवताना डोळे आपोआप मिटतात. स्वर विरल्यानंतर संगीतकाराने निव्वळ शांतता दहा-दहा मिनिटे टिकवून धरली आहे. आणि नेमक्या अशा समाधीच्या क्षणी निंके येते, एक शब्द न बोलता रेकॉर्डवरून सुईची दांडी उचलते व पुन्हा विणायला बसते. किती वर्षांची ही खोड आहे कोण जाणे. एकदा स्पष्ट सांगितले पाहिजे.
विशेष म्हणजे हीच शांतता मला पोर्तुगीज विरहगीतांच्या, अ‍ॅकॉर्डिअनच्या, इतकेच काय डिस्कोच्या रेकॉर्डच्या शेवटीही सापडली आहे. आजवर कोणाच्याच लक्षात आलेले दिसत नाही. यावर निबंध लिहायचा. शीर्षक ठरले: 'सर्व संगीतप्रकारांना जोडणारी शांतता'.

८ फेब्रुवारी, शनिवार
मंडळाची बैठक. अप्रिय.
लुसिंडा पिनास नावाच्या बाई नव्या सभासद आहेत, मूळच्या सुरिनामच्या. गेल्या विक्रीत त्यांनी तिकडच्या नृत्यसंगीताची एक रेकॉर्ड घेतली, माझ्या 'निर्दोष' या चिठ्ठीसह. सर्वांदेखत म्हणाल्या, "टर्पस्ट्रा साहेब, तुमची ती निर्दोष रेकॉर्ड लावली आणि चरचर ऐकून माझी बहीण धावत स्वयंपाकघरात गेली. तिला वाटलं, मी केळी तळायला टाकून विसरले!"
मी म्हटले की त्यांची सुई मळलेली असावी. त्या म्हणाल्या, सुई नवीकोरी आहे. मी म्हटले की मग ती सदोष असावी.
बाउके हसला. हा निवृत्त दूध-टँकर चालक. जन्मभर नामाचे लिंग चुकवत आला आहे. म्हणाला, "अरे गेर्लोफ, ह्या एकट्या नाहीत. आणखी पाच जणांच्या तक्रारी आहेत. तुला सांगायची कोणाची छाती होत नव्हती, एवढंच. आपण सरळ परीक्षा घेऊ. पडद्यामागे मी आठ रेकॉर्ड लावतो, तू दर्जा सांग. बरोबर ठरलास तर सगळ्यांसमोर माफी मागतो. चुकलास तर चिठ्ठ्यांचा डबा माझ्याकडे दे आणि तू निवांत कॉफी पी."
स्वीकारले. १५ मार्च. मला त्याची दया येते.

२२ फेब्रुवारी, शनिवार
तारा बदलूनही झांजा कापसातच, म्हणून नवा अ‍ॅम्प्लिफायर घेतला. संकल्प फक्त रेकॉर्डविषयी होता.
रोज दोन तास सराव. आजवर तीस रेकॉर्ड तपासल्या, तीसही निर्दोष. माझा संग्रह असामान्य आहे हे ठाऊक होते, पण इतका?
घड्याळजीने घड्याळ परत केले. म्हणाला, "काका, ह्याला काही झालेलं नाही." कारागिरीचाही ऱ्हास.

१ मार्च, शनिवार
निंकेचा वाढदिवस. रीतीप्रमाणे सगळे भिंतीकडेने गोल करून बसले, एकमेकांचे अभिनंदन केले, केक खाल्ला आणि एकाच वेळी पुटपुटू लागले. मुलगी रेन्स्के माझ्या तोंडाजवळ तोंड आणून म्हणाली, "बाबा, कान तपासून घ्या. पुरे झालं आता." मी म्हटले की तपासायचे असतील तर उपस्थितांचे उच्चार तपासावेत. हे वाक्य जरा जोरात गेले असावे. शेजारणीने केकची बशी खाली ठेवली.

१५ मार्च, शनिवार
परीक्षा झाली. घटना क्रमाने लिहितो, कारण क्रम हाच एक आधार उरला आहे.
पडदा जाड होता. हॉलमध्ये साठ माणसे. एकामागून एक रेकॉर्ड वाजल्या. आठही वेळा मी 'निर्दोष' म्हटले. आठवीसाठी पुढे असेही म्हटले की, "अशी स्वच्छ, खोल शांतता मी क्वचितच ऐकली आहे."
बाउकेने पडदा सरकवला. तिसरी रेकॉर्ड लुसिंडाबाईंची होती. सहावी त्याने काल पॉलिश पेपरने घासली होती. आठवी तर लावलीच नव्हती. सातवी संपून सुई शेवटच्या रिकाम्या खाचेत फिरत होती. तो म्हणे मुद्दाम नाही, पुढची काढेपर्यंत ती तशीच राहिली होती.
कोणी हसले नाही. हसायला हवे होते. बाउके खालच्या आवाजात काहीतरी म्हणाला. ते मला ऐकू आले नाही आणि पहिल्यांदाच मी त्याचा दोष त्याच्या उच्चारांना दिला नाही. डबा दिला. लुसिंडाबाईंनी कॉफी आणून दिली. सोबत दोन बिस्किटे. या गावात दुसरे बिस्किट माणसाला फक्त मयताच्या घरी मिळते.
तरीही पडदा जाड होता.

२० मार्च, गुरुवार
निंकेने न विचारता वेळ घेतली होती. कान तपासणारी बाई पांढऱ्या कोटात आली व म्हणाली, "सर, ओळखलंत का? मी रिक्स्ट. तुम्ही मला व्याकरणात दहापैकी चार दिले होते."
ओळखले. चारच योग्य होते.
तिने मला काचेच्या खोलीत बसवून कानावर यंत्र चढवले. शिटी ऐकू आली की बटण दाबायचे. बराच वेळ शिटी वाजेना, तेव्हा यंत्र बिघडल्याचे मी खुणेने कळवले. बाहेर येऊन तिने आलेख दाखवला. रेषा टेकडीवरून घसरल्यासारखी खाली गेली होती. म्हणाली, "सर, इथून पुढचं तुम्हाला काही ऐकूच येत नाहीये. आणि हे कालपरवाचं नाही हं. बारा-पंधरा वर्षं तरी झाली असतील."
मी विचारले, दहापैकी किती?
ती आलेखाकडे बघत म्हणाली, "चार, सर."

२९ मार्च, शनिवार
आज वसंत-विक्री. गेलो नाही. तिथे चिठ्ठ्या बाउकेच्या हस्ताक्षरात असणार, म्हणजे अशुद्ध, आणि बरोबर.
सकाळी नवी श्रवणयंत्रे कानात बसवली. घड्याळ टिकटिक करते. बेकरीतील मुलगी प्रत्येक शब्द अखेरपर्यंत उच्चारते. बातम्या देणारा गृहस्थ तर आदर्श आहे. नवा संकल्प: त्याला माफीचे पत्र. वाक्ये लहान.
दुपारी काँगोची रेकॉर्ड लावली. केळी. पोर्तुगीज विरहगीते लावली. केळी. जॅझच्या झांजा लखलखीत ऐकू आल्या आणि त्यांच्या मागे साऱ्या गावाची केळी तळली जात होती. सायंकाळपर्यंत अकरा ऐकल्या. निर्दोष एकही नाही. सर्वांच्या वेष्टनावर माझ्या सुवाच्य अक्षरात 'निर्दोष'.
शेवटी ऑर्गनची लावली. दुसरी बाजू. संगीत थांबले. डोळे मिटणार तोच ऐकू आले: टक्. मग पुन्हा टक्. सुई शेवटच्या खाचेत फिरत होती व दर फेरीला टकटकत होती. माझी शांतता ती हीच. ऑर्गनची, विरहगीतांची, डिस्कोची.
तेवढ्यात शेजारच्या खोलीत विणकामाच्या सुया टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. खुर्ची सरकली. पावले निघाली. इतकी वर्षे ती अशीच निघत असणार.
आज मी आधी उठलो व दांडी उचलली. निंके दारातच थांबली. घाबरून म्हणाली, "काय रे, काय झालं? बरं वाटत नाहीये का?"
मी विचारले की इतकी वर्षे मला कधी सांगितले का नाहीस.
म्हणाली, "तू इतका मन लावून ऐकत असायचास."

निबंध रद्द.