नसलेल्या हाताची मूठ

६ सप्टेंबर १९७६, सोमवार

दुपारी एक बाई दारात. खांद्याला पिशवी, पायांवर धूळ. सांगलीहून आलेल्या. "हवालदार नाथाजी इथंच राहतात ना?"

चार वर्षं झाली ह्यांना जाऊन! कुठल्याशा जुन्या यादीत नाव राहिलेलं. बाई ओशाळल्या, वळायला लागल्या. मी म्हटलं, बसा, कोरेगावपर्यंत उन्हातान्हाचं आलाय, चहा घेऊन जा.

नाव डॉक्टर सुलभा चिपलकट्टी. सुई टोचणाऱ्या डॉक्टर नव्हेत. मेंदू आणि नसा कशा चालतात त्याचा अभ्यास करतात. विश्रामबागेत एका कॉलेजात दोन खोल्या आहेत त्यांच्या. लढाईत हात-पाय गेलेले जवान शोधत हिंडताहेत.

मग विचारलं, "गेलेला पाय दुखतो, असं म्हणायचे का ते कधी?"

पासष्टच्या लढाईत पाय गेला, बहात्तरला हे गेले. सात वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं! सगळं सांगितलं. बोटं एकमेकांवर चढलीत म्हणायचे, पाऊल उलटं पिळलंय म्हणायचे. सासूबाई म्हणायच्या, पुरलेल्या पायाला मुंग्या लागल्या असतील. आणि मी? मी म्हणायचे, "आवं, न्हाई ते कसं दुखंल?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "खरंच दुखत होतं त्यांना. पाय जातो, पण मेंदूत पायाची जागा असते ती जात नाही."

खरं बोलत होते!

चहात साखर घालायची राहिली होती. बाई निमूट प्याल्या. त्या गेल्यावर रडले, मग अंगण दोनदा झाडलं. इतकं हलकं कधी वाटलं होतं आठवत नाही.

७ सप्टेंबर

एक गोष्ट बाईंना सांगितली नाही.

मी वाचायला शिकले ती ह्यांच्या पत्रांसाठी. आधी पोस्टमन वाचून दाखवायचा. एकदा त्यानं 'तुझ्या हातची भाकरी आठवते' एवढं मोठ्यानं वाचलं की संध्याकाळपर्यंत पाणवठ्यावरच्या बाया मला भाकरी मागत होत्या! दुसऱ्या दिवशी अंकलिपी आणली.

सही मात्र पहिल्यांदा केली ती दवाखान्यात. पाय आधी घोट्यावर कापला होता. दुखणं जाईना, म्हणून गुडघ्यावर कापायचं ठरलं. हे तापात होते. कागद माझ्यापुढं आला. अंगठा नको, सही करते म्हटलं. किती ऐट होती मला त्या सहीची!

काप वर सरकला. दुखणं होतं तिथंच राहिलं. मला ह्यांनी कधी एक शब्द बोलून दाखवला नाही.

१५ सप्टेंबर

दोन पत्रं एकाच दिवशी.

बाईंचं: जवान माझ्याशी बोलत नाहीत, तुम्ही माझ्याबरोबर फिराल का?

शालूचं, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचं, उंब्रजहून: 'कृष्णातचा हात परत कापायचा ठरला. आता कोपराच्या वर. दिवाळीनंतर ८ नोव्हेंबरची तारीख दिली आहे.'

कृष्णात तिचा एकुलता एक. एकाहत्तरच्या लढाईत उजवा हात मनगटापासून गेला. दोन वर्षांनी दुखतंय म्हणून कोपराखाली कापला. आता आणखी वर.

बाईंना लगेच लिहिलं — येते.

२१ सप्टेंबर, मंगळवार

आज हसून हसून पोट दुखलं. बाईंनी जीप भाड्यानं घेतली होती. गावात शिरलो तर गडीमाणूस एक दिसेना! सगळे उसात. सध्या जीप दिसली की ती नसबंदीचीच, असं पक्कं झालंय. त्यात आमच्या ड्रायव्हरनं पाराजवळच्या म्हाताऱ्याला सांगितलं, "बाई नसांच्या डॉक्टर हायेत." झालंच की मग!

एकटे नानासो, ह्यांच्यासारखाच लढाईत पाय गेलेले, उसापर्यंत पोचले नव्हते, लाकडी पाय बांधावर अडकला. मी ओरडले, "आवं नानासो, थांबा! पायाचं इचाराय आलोय!"

"येसूवैनी, तुमीबी त्यांच्यात सामील झाला?" असे घामानं निथळलेले. "सात पोरं हायेत मला. आता कापून काय उपेग!"

बाई एवढ्या लाजल्या की वहीआड तोंड.

२९ सप्टेंबर

नऊ माणसं झाली. प्रत्येकाला बाई एकट्याला बसवून विचारतात. तशीच रीत आहे म्हणे. प्रत्येकाचं एकच उत्तर — "काय न्हाई. बरं हाय."

नऊच्या नऊ! आणि मागच्या दारी त्यांच्या बायका मला पदर धरून सांगतात, ताई, कापून उरलेल्या खुंटावर बुक्क्या मारत बसतात.

जवान दुखतंय म्हणत नाही. त्यातून नसलेला पाय दुखतो म्हणाला तर वेडा ठरतो. कृष्णात तर समोर बसलाच नाही. शालूनं विनवलं, तर "मेंदूच्या डॉक्टरणीकडं गेलो कळलं तर पोरगी कोण देणार?" म्हणून मळ्यात निघून गेला. बाईंची वही कोरी. वरून पत्र आलं आहे, काही निघत नसेल तर अभ्यास थांबवा.

१० ऑक्टोबर, रविवार

बाईंना न विचारता काम केलं. सगळ्यांना आज जेवायला बोलावलं. सांगावा असा धाडला — हवालदारांच्या नावानं चार घास खाऊन जा. जवानाच्या नावाला कोण नाही म्हणतो! सहा आले. कृष्णातही आला, शालूनं ढकलल्यामुळं.

वाढता वाढता मी सहज म्हटलं, "आमच्या ह्यांचा अंगठा लय छळायचा. नसलेला."

आमटीचा भुरका थांबला. मग नानासो ताटात बघत म्हणाले, "आत वळल्यावानी?"

"व्हय."

"माजाबी." एवढं म्हणाले आणि शेजारच्या ताटावरचे हिंदुराव ताडकन, "माझी करंगळी! कुणी चिमट्यात धरल्यागत! तुजा कवापासनं रं?"

"पहिल्या दिसापासनं!"

"आरं मग इतकी वर्सं बोलला न्हाईस व्हय, गड्या? एका बाकावर बसून येतो आपण एस्टीत!"

"तू तरी कुटं बोललास?"

मग काय विचारता! ज्याचं त्याचं नसलेलं बोट, नसलेली टाच. बैलबाजारातसुद्धा एवढा गलका नसतो. हिंदुरावांना नसलेल्या तळव्याला खाज सुटते, म्हणाले, "बूट घालून खाजवावी म्हणतो, पर बूट कशात घालू?" नानासोंना हसता हसता ठसका लागला. म्हातारी माणसं डोळे पुसत होती, हसण्यानं का कशानं ते मी बघितलं नाही.

तेवढ्यात बाई आल्या, पुढच्या फेरीचं ठरवायला. मला वाटलं खूष होतील. चिडल्या! मला परसात नेऊन म्हणाल्या, "येसूबाई, तुम्ही माझा अभ्यास बुडवलात. एकमेकांचं ऐकून सांगितलेलं मी खरं कसं मानू?"

मी म्हटलं, "एकेकटे खोटं सांगत होते, ते चाललं का?"

बाई आत गेल्या आणि जमिनीवर बसून म्हणाल्या, मलाही वाढा.

जाताना कृष्णात दाराशी थांबला. पहिल्यांदाच बोलला. "मावशी, माजी मूठ मिटलीया. पाच वर्सं. नखं तळव्यात रुततात. कितीबी उगडायची म्हटली तरी उगडत न्हाई." आणि थोटा हात पाठीमागं लपवला, मी बघितल्यावर.

१७ ऑक्टोबर, रविवार

विश्रामबागेत सगळी वरात. बाईंच्या टेबलावर एक पेटी, तिला दोन वायरी. खुंटावर लावायच्या, मुंग्या आल्यासारखं होतं. बाई समजावतात, पाठीच्या कण्यात जणू फाटक आहे, दुखण्याचा निरोप तिथून वर जातो. कातडीवर दुसरं काही चालू ठेवलं की फाटक लागतं.

मी विचारलं, "म्हणून आमचे हे खुंटाला बुक्क्या मारायचे?"

"म्हणूनच. त्यांना न शिकवता कळलं होतं."

नानासोंना पेटी लावली. आधी शिव्या दिल्या, मग म्हणाले, "अंगठा सरळ झाला की वो, डॉक्टरीणबाई! ही पेटी मला द्या, बायको घ्या!" चौघांना आराम पडला. बाई वही भरत होत्या आणि ओठ दाताखाली दाबून हसू आवरत होत्या. मला मुलगी असती तर या वयाची असती.

कृष्णातला काही झालं नाही. दोनदा, तीनदा. मूठ मिटलेलीच. बाई म्हणाल्या, डोळे मिटा, डावी मूठ उघडा-मिटा, उजवीही तिच्याबरोबर उघडते असं मनात आणा.

त्यानं दोनदा केलं. मग उठला. "हवेत कवायत करू व्हय? सरळ म्हणा की, डोक्यात बिघाड हाय!" दार आपटून गेला.

२२ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

पाच पणत्या. एक ह्यांच्या फोटोपुढं. नानासोंच्या घरून करंज्या आल्या, सोबत निरोप — अंगठा बरा आहे.

३१ ऑक्टोबर, रविवार

उंब्रजला जाऊन आले. कृष्णात गोठ्याबाहेर बसला होता. त्याला सहीचं सांगितलं. ह्यांच्या दुसऱ्यांदा पाय कापायच्या कागदावर माझी सही होती, आणि उपयोग शून्य झाला. कुणाला न सांगितलेलं.

त्यानं ऐकून घेतलं. रागावला नाही, तेच जड गेलं. म्हणाला, "मावशी, कापू नगं म्हंतीस. मग दुसरं काय देतीस?"

बाईंना विचारलं तर म्हणाल्या, "मला ठाऊक नाही, येसूबाई." एवढी शिकलेली बाई सरळ असं म्हणते, याचं बरंही वाटलं.

४ नोव्हेंबर

शालूचं कार्ड. त्याची दवाखान्यात न्यायची ट्रंक भरून ठेवली आहे. सोमवारी सकाळी निघणार. ती नणंदेचं बाळंतपण आलं म्हणून दोन दिवस कराडला जाते आहे, शनिवारी रात्री परत.

७ नोव्हेंबर, रविवार

पहिल्या एस्टीनं कृष्णात दारात! मला वाटलं शालूला काही झालं. दम लागलेला, बसेना, पाणी घेईना.

काल संध्याकाळी आई घरात नाही, म्हैस ओरडतेय, म्हणून हाच धारेला बसला. एका डाव्या हातानं. "मावशी, चार धारा काढल्या आन् उजवाबी काढाय लागला! हा दाबतोय तवा तो सुटतोय, तो दाबतोय तवा हा. आपसूक! बादली अर्धी झाली आन् मूठ उगडली. पाचीच्या पाची बोटं! आज पहाटंबी पिळली. परत उगडली!"

"आन् उद्याचं?" मी विचारलं.

"उद्या कसं जमंल? उद्या म्हस पिळायची हाय."