बोटावर मोजण्याइतकं गाव

वॅरांबी, शुक्रवार, चहानंतर

ती. क्लाइव्हदादास,

धाकट्या एनिडचा नमस्कार. गुडघे कसे आहेत? लिफ्ट सुरू झाली का, की अजून तिसऱ्या मजल्यावर बसून सिडनीला शिव्या घालतोयस? मी ठणठणीत आहे, फक्त उजव्या हाताचं बोट सुजलंय. त्याचीच हकिगत सांगायला बसले आहे, तेव्हा किटली चढव.

गावात इंटरनेटची तार आली, हे मागे कळवलंच होतं. (तू म्हणालास, मेंढ्या त्यावर सिनेमे बघणार का?) तर ऐक. पूर्वी माणूस कामाच्या मागे शहरात जायचा, तसा तू गेलास. आता कामच तारेतून माणसाच्या मागे येतं, त्यामुळे घरभाड्याने टेकीला आलेली मंडळी लॅपटॉप काखोटीला मारून इकडे यायला लागली आहेत. सहा तासांवरची सिडनी पसरत पसरत आपल्या मेंढवाड्याच्या फाटकाशी येऊन ठेपली म्हणायची! मी इतकी खुशीत आहे की परवा चर्चमध्ये भलत्याच जागी टाळी वाजवली.

आता बोटाचं. समोरून येणाऱ्या गाडीला स्टिअरिंगवरून एक बोट उचलून 'काय, बरं ना' म्हणायचं, ही आपली रीत. मी शाळेची बस चालवते, तेव्हा माझं बोट दिवसभर वरखाली. गावात माणसं बोटावर मोजण्याइतकी होती तोवर भागत होतं. पण नव्या आलेल्या इमोजेनबाईंना हे कोण सांगणार? त्यांनी गावच्या फोनवरच्या गटात लिहिलं की बसवाली म्हातारी रोज आमच्यावर बोट रोखते, आम्ही इथे नकोसे दिसतोय, परत जातो. (म्हातारी म्हणे.) दुकानातल्या मेव्हिसने हे वाचून दाखवलं आणि मी म्हटलं, संपलं सगळं. कारण बाईंना पाच मुलं, आणि आपल्या शाळेत उरली होती चार. नाताळपर्यंत दहा झाली नाहीत तर शाळेला कुलूप. शाळेला म्हणजे बसला, आणि बसला म्हणजे मलाच.

तशीच उठले, भट्टीतून नुकते काढलेले भोपळ्याचे स्कोन घेतले आणि त्यांच्याकडे गेले. अर्थात मागच्या दाराने (पुढचं दार आपल्याकडे फक्त पोलीस आणि पाद्री वाजवतात). स्वयंपाकघरात बाई पाठमोऱ्या, कानात इअरफोनची बोंडं, समोर पडद्यावर चौकोनाचौकोनात बसलेली वीस-तीस माणसं. कामात व्यत्यय नको म्हणून मी नुसतं बोट उचललं. पडद्यावर ते त्यांना त्यांच्याच खांद्यामागे दिसलं, आणि बाई अशा किंचाळून उठल्या की बोंडांची तार उपटली जाऊन पडद्याचा आवाज खोलीभर झाला.

"अहो, हे बोट रोखणं नाही, हे 'बरं ना' आहे," मी म्हटलं.

"मग तोंडाने म्हणा की!"

"ताशी शंभरने जाताना ऐकू जाईल होय तुम्हाला?"

पडद्यावर कुणीतरी फिसकन हसलं, आणि त्याने बोट उचललं. मग दुसऱ्याने, मग सगळ्यांनी, अगदी त्यांच्या साहेबानेही. बाई आधी रडल्या, मग हसल्या, मग त्यांनी तीन स्कोन खाल्ले आणि सोमवारी पाचही मुलांची नावं शाळेत घातली. पडद्यावरच्या एका गृहस्थाने विचारलं, तिकडे भाड्याने घर मिळेल का. मी म्हटलं, बघते.

शाळा वाचली, दादा. मी बस बाजूला घेतली आणि पोटभर रडले. आता मात्र रस्त्यावर इतक्या गाड्या झाल्यात की बोट खाली ठेवायला सवड नाही, म्हणून ते सुजलं. डॉक्टरही पडद्यावरच भेटतो. बोट दाखवा म्हणाला, मी दाखवलं, तर त्यानेही आपलं उचललं. आपल्याच बाजूचा निघाला.

तुझी लाडकी,
एनिड

ता. क. चार आणि पाच नऊच होतात, हे तुझ्या लक्षात आलं असेल. दहावा त्या गृहस्थाचा मुलगा. बापलेक मंगळवारपासून इथल्या तुझ्या रिकाम्या घरात राहतायत. किल्ली पाठवायची गरज नाही, मागचं दार उघडंच होतं.

पुन्हा ता. क. मेव्हिस म्हणते, तू ते घर विकायला काढणार आहेस. नको काढूस. अंगणाकडची खोली मी तुझ्यासाठी रिकामी ठेवायला लावली आहे. जिना नाही, आणि तो डॉक्टर गुडघेही बघतो. गाव कितीही वाढलं तरी मला तूच हवा आहेस. येताना बस दिसली की बोट उचल. माझं बांधलेलं आहे, मी अख्खा हात हलवेन.