कोणी काही केलेलं नाही

३ मार्च

कप फुटला. माझी बायको नेरेइदा म्हणते, "तू फोडलास." छे! हातातून निसटला. आमच्या हवानाच्या बोलीत सगळे असंच म्हणतात — वस्तू निसटते, हरवते, राहून जाते, माणूस मात्र काही करत नाही. माझ्या चाळीस पानी निबंधाचा गाभाच हा: माणूस करत नाही, रीती त्याच्याकडून करवून घेतात. विभागप्रमुख 'मौलिक' म्हणाले! बायको म्हणाली, "असेल मौलिक. काचा उचल."

६ मार्च

नेरेइदाला मेक्सिकोहून पत्र. मेरिदाच्या शाळेत दोन वर्षांची नोकरी. वीस तारखेचं विमान. "जाऊ की राहू?" असं विचारते. सांगितलं, निर्णय कोणी घेत नाही, तो घेतला जातो. युकाचे कंद सोलता सोलता तिने सुरी खाली ठेवली. "एव्हेलियो, मी तुला विचारतेय. विद्यापीठाला नाही."

९ मार्च

रेशनच्या कोंबडीच्या रांगेत निबंधाला नामी उदाहरण सापडलं! येणारा ओरडतो, "शेवटचा कोण?" कोणीतरी हात वर करतं. त्याचा चेहरा लक्षात ठेवायचा, आपल्यामागून येणाऱ्याला आपला दाखवायचा, मग खुशाल सावलीत बसा. पाटी नाही, शिपाई नाही, तरी सगळ्या हवानात रांग आपली आपण चालते.

शेजारची ओर्तेन्सिया, तोंडात चिरूट: "आपली आपण? आम्ही तंगड्या मोडेस्तोवर उभं राहून चालवतो, बाबा!"

भोळी बाई.

१० मार्च

काल अनर्थ झाला. टिपण लिहायला घरी येणं झालं, आणि 'शेवटचा मी' हे मागून येणाऱ्याला सांगायचं राहून गेलं. नंतर आलेल्यांना शेवटचा सापडेना! त्यांनी दुसरी रांग धरली. दोन रांगा, दोन शेवटचे, मग शिव्या, मग पिशव्यांनी मारामारी. दुकानदाराने दार ओढून घेतलं. निबंधात वाक्य घातलं: 'रीत कोलमडली.'

ओर्तेन्सिया दारात येऊन कडाडली, "कोलमडली म्हणे! तू पळालास, मेल्या! माझा भाऊ अंथरुणाला खिळलाय, त्याचा रस्सा बुडाला तुझ्यापायी!"

तिला समजावलं की अशा घटनेत कर्ता शोधणं भाबडेपणाचं आहे. तिने चिरूट पायरीवर विझवला.

नेरेइदाने घरातली चारही अंडी तिला नेऊन दिली. हेसुद्धा शेजारधर्माने करवून घेतलं, असं म्हटल्यावर ती म्हणाली, "नाही रे. मी दिली."

१४ मार्च

निबंध स्वीकारला गेला!! नेरेइदा "अभिनंदन" म्हणाली आणि इस्त्री करत राहिली.

१९ मार्च

बॅग भरली जाते आहे.

ती टॉवेल घडी करताना मध्येच थांबली. "एक शब्द बोल. थांब म्हण, नाहीतर जा म्हण. राग धरणार नाही. पण तू बोल." मग तोंडातून निघालं, "परिस्थितीच अशी आहे की..." तिने टॉवेल बॅगेत टाकला. चेन अडकली होती, ती तिने एकटीनेच लावली.

२० मार्च

नेरेइदा गेली. तिने ठरवलं आणि ती गेली. मला ती इथे हवी होती, आणि 'थांब' मी म्हटलं नाही.