टेकाडावरची पांढरी माती

नाना, आपल्या गावाबाहेरचं टेकाड आता राहिलेलं नाही. तिथे सपाट रान आहे, त्यात कापूस उभा आहे. परवा जळगावहून येताना एसटी तिथून गेली, तेव्हा शेजारच्या माणसाला इथे एक प्राचीन शहर होतं म्हणून सांगायला तोंड उघडलं. पण दाखवणार काय?

तुम्ही शाळेतली पोरं घेऊन गिरणेकाठच्या त्या टेकाडावर जायचात, काळ्या रेघांची लाल खापरं वेचायचात. गावाला मात्र तिथली पांढरी माती हवी असायची. ती घराच्या धाब्यावर, सपाट छतावर अंथरली की घर गळत नाही, म्हणून दर वैशाखात गाड्या भरून निघायच्या. तुम्ही गाड्यांना आडवे व्हायचात, लोक हसून बाजूने बैल हाकायचे. आपल्या धाब्यावर तुम्ही त्यातली टोपलीभरही चढू दिली नाहीत. पावसाळाभर माय गळतीखाली पातेली मांडते आहे, ओल्या गोवऱ्या फुंकते आहे, आणि तुम्ही सांगताय, पुरातत्त्व खात्याचे लोक येतील, खोदतील, गावाचं नाव होईल. तुमच्या त्या हट्टाचा मला वीट यायचा.

गावात पहिला टीव्ही आला त्या वर्षी ते आले. चर खणला, खाली भाजक्या विटांची भिंत लागली. तुम्ही धोतर खोचून आत उतरलात, भिंतीवरून हात फिरवत राहिलात. त्यांचा साहेब भला माणूस होता. त्याने तुम्हाला बाभळीखाली बसवून समजावलं की गुरुजी, शहर होतं, तुमचं खरं आहे. पण वरचे थर गेले, खालचे उलटेपालटे झाले, आता यातून काही कळायचं नाही. चर बुजवून ते निघून गेले.

तुम्ही घरी आलात आणि पाणीही न घेता मायला म्हणालात, "बठ्ठं शहर लोकेसना धाबावर शे. सकाय गाडी बलाव, आपला धाबावर बी माटी टाकी लेऊ."

सगळं शहर लोकांच्या धाब्यांवरच होतं; मायने दुसऱ्या दिवशी सकाळीच गाडी बोलावली. तुम्ही स्वतः वर चढून ती माती पायांनी दाबलीत. खापरं टोचत होती, ती वेचली नाहीत. पुढे निवृत्त होईपर्यंत पोरांना घेऊन नदीकडे गेला नाहीत.

हे तुमच्या हयातीत बोलायला जीभ रेटली नाही, आता पाठवायला पत्ता नाही. त्या पावसाळ्यात घर कोरडं होतं. माय चुलीपाशी निवांत बसायची, तुम्ही भिंतीला टेकून नुसते बघत राहायचात. तुमचं काय गेलं ते मला दिसत होतं. तरी, नाना, मला त्या घरात फार बरं वाटत होतं.