वर कोणी नाही

हवाना, ११ नोव्हेंबर २००९

प्रिय एव्हेलियो,

तुझ्या मार्चमधल्या पत्राला आज उत्तर लिहितेय, त्याबद्दल माफ कर. शाळेचं काम होतं, मग वादळाचे इशारे आले, मग पत्र नेणारं कोणी मिळेना.

हे वाक्य खरं नाही. ओल्गाचा भाऊ मे महिन्यात माद्रिदला गेला. जाण्याआधी मुद्दाम दारात येऊन विचारून गेला, "एव्हेलियोसाठी काही द्यायचंय का?" मी म्हटलं, "नाही रे, विशेष काही नाही." आता ग्रासिएलाची बहीण शुक्रवारी निघते आहे. तिला मी आधीच सांगून ठेवलं आहे की पत्र आहे, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही.

मी बरी आहे. रेशनचे तांदूळ आणि साखर वेळेवर मिळाली, या महिन्यात अंडीसुद्धा. नववीला नद्या शिकवतेय. वर्गात एकच नकाशा उरलाय आणि तू राहतोस तो कोपरा नेमका फाटलेला आहे. मुलं म्हणतात, "बाई, तिकडच्या नद्या परीक्षेला नाहीत ना?" मी म्हणते, नाहीत.

निळा ब्लाउज मिळाला. अगदी मापात बसला. तुला माझं माप कधीच कळलं नव्हतं, तेव्हा ज्यांनी कोणी निवडला त्यांना माझे आभार सांग.

तू विचारलं होतंस, "वरचे अजून नाचतात का?" तर नाही. आता माझ्या डोक्यावर काहीच वाजत नाही. फिलोआजींची झुलती खुर्ची नाही, मिग्दालियाचं शिलाई मशीन ओढणं नाही. फक्त आन्सेल्मोची कबुतरं गच्चीवर फिरतात, त्यांच्या नखांचा आवाज येतो. पाऊस सुरू होता होता थांबावा तसा.

तू हुशार आहेस. कबुतरांवरून तुला कळलं असेल. तरी सगळं सांगते.

तू गेल्यावर झाडू माझ्याकडे आला. तू दांड्याने छताला ठोके द्यायचास तेव्हा ती थट्टा असायची. तू तीन ठोके द्यायचास आणि आजी वरून खुर्चीचे तीन दणके द्यायच्या, मग आपण दोघं उशीत तोंड खुपसून हसायचो. मी एकटी ठोकायला लागले तेव्हा त्यात थट्टा उरली नाही. सकाळी मशीन ओढलं की ठोकायचे, दुपारी खुर्ची सुरू झाली की ठोकायचे. एका रविवारी वरून काहीच उत्तर आलं नाही. मी अर्धी दुपार झाडू हातात धरून पलंगावर उभी होते. रागावून उभी होते असं डायरीत लिहिलंय. आता वाचताना ते पटत नाही.

दुसऱ्या दिवशी जिन्यात मिग्दालिया भेटली, दोन्ही हातांत पाण्याच्या बादल्या.

"काय गं मास्तरीणबाई, छत पाडून आम्हालाच खाली बोलावणार होतीस काय?"

"सुट्टीच्या दिवशीसुद्धा सकाळी सकाळी मशीन ओढतेस."

"उजेड खिडकीत येतो, मशीनपाशी येत नाही. म्हणून मशीनला खिडकीशी जावं लागतं. तू भूगोल शिकवतेस ना? सांग सूर्याला जरा बाजूला उगवायला."

"आणि आजींची खुर्ची?"

तेव्हा तिने बादल्या खाली ठेवल्या. "आईने झुलायचं नाही तर करायचं काय? हा जिना तिला उतरवत नाही. रस्ता पाहून वर्षं झाली तिला. परवा मला विचारते, कोपऱ्यावरचा न्हावी अजून जिवंत आहे का? हे बघ, तुला शांतता हवी, तिला रस्ता हवा. घरं बदलूया. वर तुझ्या डोक्यावर फक्त कबुतरं."

ती चेष्टेत बोलली आणि बादल्या उचलून गेली. इथे घर विकता येत नाही, पण बदलता येतं, हे तुला माहीत आहे. शनिवारी मी वर जाऊन विचारलं, "खरंच म्हणालीस का?" मिग्दालिया आईकडे बघायला लागली. आजींची खुर्ची थांबली. एवढ्या वर्षांत ती खुर्ची थांबताना मी पहिल्यांदाच ऐकली.

तुला विचारायला हवं होतं. तू प्रत्येक पत्रात लिहितोस, "घर तसंच ठेव, डिसेंबरमध्ये येतो." कुठल्या डिसेंबरमध्ये ते तू लिहीत नाहीस आणि मी विचारत नाही. मी घर तसंच ठेवलं होतं. तुझा वस्तरा आरशापाशी, तुझ्या चपला पलंगाखाली. त्यातल्या एका चपलेत मुंग्यांनी घर केलं तेव्हासुद्धा मी चपला धुऊन परत तिथेच ठेवल्या.

अदलाबदलीसाठी कचेरीत जावं लागलं. खिडकीतल्या बाईंनी कागद पाहून विचारलं, "घरात नावं दोन आहेत. नवरा कुठे?"

"परदेशात."

"कामासाठी की कायमचा?"

"कामासाठी गेला होता. तीन महिन्यांसाठी."

"बाई, मला एकच खूण करायची आहे, या चौकोनात नाहीतर त्या. परत येणार की नाही?"

मागे रांग होती. कोणीतरी ओरडलं, "अहो ताई, जेवायची सुट्टी होईल! गेलेलं कोण परत येतंय? करा खूण आणि सरका." लोक हसले. मीही हसले. मग म्हटलं, "नाही येणार."

एव्हेलियो, हे मी त्याआधी कोणाजवळ बोलले नव्हते, डायरीतही लिहिलं नव्हतं. मला माहीत होतं म्हणून बोलले, की मागे रांग होती म्हणून? अजून ठरवता येत नाही. बाईंनी खूण केली आणि शाई वाळावी म्हणून कागदावर फुंकर मारली, बस्स.

तर मी आता वर राहते. पंपाचं पाणी इथवर चढत नाही, म्हणून बादली दोराने ओढून घेते. मिग्दालिया खालच्या चौकात बादली बांधते आणि ओरडते, "ओढ गं, नवरा पळून चाललाय असं समजून ओढ!" मग जीभ चावते. मी ओढते. तुझे गळ आणि हत्यारांची पेटी वर आणली आहे. वस्तरासुद्धा.

वरून समुद्राची एक पट्टी दिसते. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं कोणी खोलीत नसतं.

चालताना मी अनवाणी चालते. खुर्ची उचलून ठेवते. खाली त्रास होऊ नये म्हणून, असं मी म्हणते. पण परवा आजी म्हणाल्या, "पोरी, वर तू आहेस की नाही तेच कळत नाही. जरा आपट काहीतरी. मला वाटतं, मेली की काय!" त्या आता दिवसभर दारासमोर फुटपाथवर खुर्ची टाकून बसतात, येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारतात. न्हावी जिवंत आहे, त्याच्याशी भांडणही झालं. कॉफी गाळली की आजी झाडूच्या दांड्याने छताला ठोकतात. आपल्या पलंगावरच्या छतात तू पाडलेले खळगे आहेत ना, बरोबर तिथेच. मी खाली जाते.

आता जे टाळत होते ते.

गेले काही आठवडे संध्याकाळी खालून मशीन ओढल्याचा आवाज येतो. लोखंडी पायांचा तो आवाज मी झोपेतही ओळखीन. पण संध्याकाळी खिडकीत उजेड नसतो, मग मशीन कुठे नेतात? गेल्या सोमवारी मी कप परत करायला खाली गेले आणि दार वाजवलं. आत मशीन सरकलं, मगच दार उघडलं. दारामागच्या फरशीवर ओरखडे होते. मिग्दालिया त्यांच्यावर पाय ठेवून उभी राहिली.

आजी आतून म्हणाल्या, "तिला सांग ना खरं. अगं पोरी, तुझ्या नवऱ्याकडे या दाराची किल्ली आहे म्हणून ही रोज दाराला मशीन लावते. मी म्हटलं, आला तर येऊ दे. माझ्या वयात कोण येतंय दार उघडून!"

"आई, गप्प बस," मिग्दालिया म्हणाली, आणि मग मला, "तसं नाही गं. त्याची भीती नाही. पण किल्ली जगात कुठेतरी आहे, कोणाच्या हातात पडेल काय सांगावं."

"मग कुलूप का नाही बदललंत? घर तुमचं आहे."

"घर आमचं आहे. कुलूप तुझं वाटलं," ती म्हणाली. "तू म्हणशील तेव्हा."

मी कप देऊन वर आले.

मला वाटत होतं मी सगळं सोडून वर आले. सगळं नाही. कधी कुठल्या डिसेंबरमध्ये तू आलास तर तुझी किल्ली लागावी, एवढं एक मी तसंच ठेवलं होतं. दाराआड दुसरी माणसं राहतात याने काही बिघडत नाही असं मी धरून चालले होते. आणि त्यापायी एक म्हातारी आणि तिची लेक रोज संध्याकाळी लोखंड ओढतात, मी वर अनवाणी फिरते, आणि मी चांगली शेजारीण आहे असं मला वाटतं.

हे लिहीत असताना आत्ताच खाली मशीन सरकलं.

तू ये किंवा येऊ नकोस, हे मी लिहिणार नाही; मला त्यातलं काय हवंय ते मला सांगता येत नाही. आलास तर खालच्या दाराशी थांबू नकोस. बाजूचा जिना चढून ये आणि दार वाजव. वर बाकी काही आवाज नसतो. मला ऐकू येईल.

वरच्या मजल्यावरून,
इलियाना

(डायरीत) उद्या: शाळा सुटल्यावर कुलूपवाल्या बेनिग्नोला सोबत घेऊन मिग्दालियाकडे जाणे.